डब्याचं परराष्ट्र धोरण

देश एक झाला त्या दिवशी सकाळी उपेंद्र खांबेटे झोपायच्या खोलीतून बाहेर आला, बोळकांडीत मधोमध पोचल्यावर सवयीने उजवा पाय उचलला, जिथे काहीच नव्हतं ते ओलांडलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. रेडिओवर दोन बायका आणि एक पुरुष ऐतिहासिक क्षणाबद्दल एकाच वेळी बोलत होते. खिडकीबाहेर धुकं होतं. काल होतं तेच, तितकंच. इतिहास घडल्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं. पण धुक्याचं एक बरं असतं, त्यात काहीही घडलेलं असू शकतं.

"कोणत्या देशात आहेस?" कौमुदीने गॅसवरच्या दुधाकडे बघत विचारलं.

"तुझ्याच. आजपासून."

"मग चप्पल काढ. माझ्या देशात आत्ताच फरशी पुसलीय."

उपेंद्रने चप्पल काढली. आयर्लंड नावाच्या बेटाचे शंभर वर्षांपूर्वी पडलेले दोन तुकडे पुन्हा जोडले गेल्यावर त्या घरात झालेला हा पहिला बदल.

घराची हकिकत अशी. शंभर वर्षांपूर्वी रेघ मारणाऱ्यांनी जुन्या जिल्ह्यांच्या हद्दी धरून ती मारली. हद्दी ओढ्यांवरून, कुंपणांवरून आणि कोणाच्या तरी पणजोबांच्या हट्टांवरून गेलेल्या. त्यात मकेना कुटुंबाचं घर मधे आलं. पुढे मकेनांनी जुनं घर पाडून त्याच जागी बैठा बंगला बांधला, पण रेघ काही पडली नाही. स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि मागच्या दाराजवळची चिमुकली न्हाणी टिरोनमध्ये, म्हणजे उत्तरेत, म्हणजे ब्रिटिश. झोपायच्या दोन खोल्या, मोठी न्हाणी आणि कपडे धुवायची खोली मोनॅहनमध्ये, म्हणजे दक्षिणेत, म्हणजे आयरिश. दोन विजेचे मीटर, दोन पिनकोड, कचऱ्याच्या दोन वेगळ्या रंगांच्या पेट्या. असलं घर घ्यायला कोणी धजेना, म्हणून ते खांबेट्यांना मिळालं.

तेव्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय होते आणि परवाना फक्त दक्षिणेचा. कायद्याने बघितलं तर कौमुदी रोज सकाळी चहा टाकायला बेकायदा परदेशात जात होती, आणि उपेंद्र तो प्यायला तिच्या मागोमाग घुसखोरी करत होता. डब्लिनकडची मराठी मंडळी आली की दिवाणखान्यात बसत, म्हणजे ब्रिटनमध्ये. ॲडम्सटाउनचे एक भित्रे गृहस्थ मात्र बोळकांडीतच खुर्ची मागून घेत. पुढे दोघांना आयरिश पासपोर्ट मिळाले, येणं-जाणं कायदेशीर झालं आणि चहाची चव थोडी कमी झाली.

उपेंद्र दक्षिणेतल्या एका औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. गोळ्या सगळ्या सारख्या निघताहेत की नाही हे बघणं त्याचं काम. कौमुदी उत्तरेतल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. ती दिवसभर जंतू वाढवायची आणि त्यांना ओळखायची. त्या कामाने तिला एक सवय लागली होती: तिला काहीही उघडं ठेवलेलं चालत नसे. पाण्याच्या पेल्यावरही ती बशी ठेवायची.

वेगळं होण्याचं कारण विचाराल, तर दोघांनाही सांगता आलं नसतं. भांडण झालं असतं तर बरं; भांडण मिटवता येतं. मुलगी स्वरांगी शिकायला गॉलवेला गेली आणि घरात एक शांतता उरली. तिला कुठे बसवायचं हे दोघांना कळेना. मग एका रविवारी कौमुदी उशी उचलून दिवाणखान्यातल्या सोफ्यावर गेली. अधिकृत कारण उपेंद्रचं घोरणं. मराठी मंडळींना 'तिची ड्यूटी पहाटेची असते' एवढंच सांगण्यात आलं, आणि मंडळींनी ते अजिबात खरं न मानता मान्य केलं.

इतर जोडप्यांना वेगळं व्हायला वकील लागतात. यांना फक्त जिथे रेघ होती तिथे थांबायचं होतं.

उत्तर कौमुदीकडे राहिली, दक्षिण उपेंद्रकडे. भांडीकुंडी समजुतीने वाटली गेली. कुकर तिला, कढई तिला, इस्त्री त्याला. एक स्टीलचा डबा तेवढा वाटता येईना, कारण लग्नात मावशीने दिलेल्या त्या डब्यावर 'चि. उपेंद्र व चि. सौ. कां. कौमुदी यांस' असं नाव घातलेलं होतं, आणि नावं कोरणाऱ्याने दोघांच्या मधे कुठे जागाच सोडली नव्हती.

पहिला आठवडा उपेंद्र कपडे धुवायच्या खोलीत उभा राहून पाव खात होता. मग एके संध्याकाळी बोळकांडीतल्या टेबलावर तो डबा दिसला. टेबल जुनं, फोन ठेवायचं. दोन पाय उत्तरेत, दोन दक्षिणेत. डब्यात पिठलं-भात. चिठ्ठी नाही, हाक नाही. उपेंद्रने तो संपवला, डबा घासला, पुसला, टेबलावर ठेवायला गेला आणि त्याचा हात अडला.

भांडं रिकामं परत करायचं नसतं. हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. शेजारणीचं पातेलं परत जाताना त्यात निदान चिमूटभर साखर पडलीच पाहिजे, हे ज्ञान सदाशिव पेठेत हवेतूनच फुफ्फुसात जातं. त्याने डब्यात मूठभर साखर घातली आणि डबा सीमेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यात त्याच साखरेचा शिरा आला.

आता शिऱ्याला साखर कशी देणार? उपेंद्रने दोन शेगड्यांची विजेची चूल आणली आणि स्वयंपाक शिकला. शिकला म्हणजे, देणं टळेना म्हणून त्याला शिकावं लागलं. उपमा पाठवला, त्याच्या गाठी मोजून घेतल्यासारखी कौमुदी दोन दिवस गप्प होती, पण डबा आला. दडपे पोहे गेले, वाटली डाळ आली. एकदा त्याने शेजारच्या ब्रायडी मकेनाकडून शिकून सोडा ब्रेड केला. तो डबा परत यायला जरा वेळ लागला, पण आला तेव्हा त्यात त्याच ब्रेडचा कांदा घालून केलेला फोडणीचा चुरा होता, आणि तो उपेंद्रने आयुष्यात खाल्लेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक होता. अशी वर्षं गेली. दोन सरकारं एकमेकांशी बोलत नसली तरी व्यापार चालू असतो, आणि व्यापार चालू आहे तोवर राजदूत परत बोलावले जात नाहीत, एवढं दोघांना कळत होतं.

मग देश एक झाला.

ते पहिलं वर्ष झोपेत ऐकलेल्या रेडिओसारखं गेलं. उत्तरेतल्या लाल टपालपेट्या हिरव्या झाल्या, पण पाऊस जास्त झाला की आतला लाल रंग लाजल्यासारखा वर यायचा. रस्त्यावरच्या पाट्या मैलांतून किलोमीटरमधे आल्या आणि गावं अचानक लांब गेल्यासारखी वाटू लागली. नव्या झेंड्याच्या समितीचं कापडावर एकमत झालं होतं, रंगावर व्हायचं होतं. उपेंद्रच्या पगाराच्या चिठ्ठीत 'एकोपा' असं लिहून काहीतरी वजा होऊ लागलं. कारखान्याच्या कँटीनमधे लोक म्हणत, तिकडच्यांना फुकटची सवय. कौमुदीच्या प्रयोगशाळेत लोक म्हणत, तिकडच्यांना पैशाची मस्ती, साधा खोकला दाखवायला गेलं तरी फी, आणि फी घेऊन डॉक्टर सांगणार काय, तर 'यू आर ग्रँड', म्हणजे ठणठणीत आहात. दोन्हीकडे 'तिकडचे' हाच शब्द होता आणि तो म्हणताना दोन्हीकडचे लोक खिडकीबाहेर एकाच डोंगराकडे बघत.

सगळ्यांत वाईट अवस्था सीमेवर जगणाऱ्यांची झाली. ब्रायडीचा पेट्रोल पंप आणि त्याला लागून दुकान होतं. एका बाजूचे डिझेलसाठी यायचे, दुसऱ्या बाजूचे लोण्यासाठी. कधी भाव इकडे चढला तर तिकडचे, तिकडे चढला तर इकडचे. तिच्या आजोबांनी तर लोणी टोपीखाली लपवून याच बंगल्याच्या जागेतून पलीकडे नेलं होतं. टोपीतून लोणी वितळून कपाळावर आलं तेव्हा शिपायाने विचारलं, "ताप आहे का?" आणि आजोबा म्हणाले, "देशाचा." आता भाव सगळीकडे एकच. त्यामुळे कोणीच येत नव्हतं. ब्रायडी पंपाशेजारी खुर्ची टाकून धुक्याकडे बघत बसायची.

"पूर्वी आमच्याकडे दोन देशांतलं चांगलं होतं," ती उपेंद्रला म्हणायची. "आता एका देशातलं मधलं आहे."

"पण एक झालो ना, ब्रायडी. तुला तर हेच हवं होतं."

"हवंच होतं. माझ्या आईला स्वर्गसुद्धा हवा होता. पण ती कधी घाई करत नव्हती."

खांबेट्यांच्या घरात मात्र वर्षभर काहीच बदललं नाही. मीटर दोन, पेट्या दोन, टेबल मधे, डबा चालू. मग दुसऱ्या शरद ऋतूत, एका ओल्या दुपारी, एकीकरण कार्यालयाची बाई आली. शिनेड तिचं नाव. तिचा रेनकोट कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. हातात टॅबलेट.

"एक मीटर काढायचा आहे," ती बोळकांडीत उभं राहून म्हणाली. "कुठला काढायचा ते सिस्टिम ठरवते. सिस्टिमला एवढंच सांगायचं की इथे कुटुंबं किती. एकच ना?"

स्वयंपाकघरात कौमुदी कोबी चिरत होती. सुरी थांबली.

उपेंद्रच्या डोक्यात त्या क्षणी खूप काही एकदम उजळलं. रेडिओवरचं संगीत, हिरव्या टपालपेट्या, सोफ्यावरची उशी परत येत असलेली. इतकी वर्षं जे त्याला बोलता येत नव्हतं ते सरकार त्याला विचारत होतं, आणि उत्तराला एकच शब्द पुरणार होता.

"एकच!" तो म्हणाला.

"ग्रँड," शिनेड म्हणाली आणि तिने टॅबलेटवर बोट टेकवलं.

सुरी पुन्हा सुरू झाली. कोबी आधीपेक्षा फारच बारीक चिरला जात होता, पण हे उपेंद्रला नंतर आठवलं.

संध्याकाळी डबा आला. कोबीच्या वड्या, खमंग. उपेंद्र त्या खिडकीशी उभा राहून खात होता आणि बाहेर धुकं असं हलत होतं की बंगला एखाद्या बोटीसारखा कुठेतरी निघाल्यासारखा वाटत होता. त्याने डबा घासला. पुसला. आणि तो बोळकांडीत आला तेव्हा त्याला वाटलं, आता कसली परतफेड? परतफेड परक्यांत. आपल्याच घरातलं भांडं आपल्याच घरात परत करतं का कोणी?

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. ज्याला तिथे सगळे प्रेस म्हणतात ते भांड्यांचं कपाट उघडलं आणि डबा, स्वच्छ, कोरडा, झाकण लावलेला, फळीवर ठेवून दिला. मग त्याच उत्साहात आपल्या बरणीतली साखर त्याने तिच्या बरणीत ओतली. आणि मधलं ते टेबल, आता त्याचं काय काम, म्हणून मागच्या शेडमधे नेऊन ठेवलं. इतिहासातल्या बऱ्याच चुका नीटनेटक्या माणसांनी केलेल्या आहेत.

त्या रात्री त्याला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. उपेंद्र बोळकांडीत येऊन, जिथे टेबल असायचं तिथल्या हवेकडे बघून परत जायचा. डबा येणार कसा? तो आपल्या जागेवर होता. कौमुदी दिसायची, 'दूध संपलंय' म्हणायची, 'शिनेडचा माणूस मीटर काढून गेला' म्हणायची. उशी सोफ्यावरच होती. शुक्रवारी चहाच्या वेळी ती म्हणाली,

"मी सोमवारी किलकेनीला जातेय."

"कशाला?"

"नोकरीला. दोन देशांच्या प्रयोगशाळा होत्या, आता एका देशाला एवढे जंतू परवडत नाहीत म्हणे. आमची बंद करतायत. खाली दक्षिणेत, किलकेनीच्या हॉस्पिटलमधे जागा आहे असं उन्हाळ्यापासून सांगतायत. मी नको म्हणत होते."

"मग आता?"

"आता हो म्हटलं. काल."

उपेंद्रला चहाच्या कपातून धुकं निघतंय असं वाटलं. "अगं पण आत्ता कुठे सगळं एक झालंय."

"हो. कळलं मला. प्रेस उघडलं तेव्हा कळलं."

"काय होतं प्रेसमधे?"

"तेच ना," कौमुदी म्हणाली. "काही नव्हतं."

ती उठली, आपला कप धुतला, त्याच्या न प्यायलेल्या चहावर बशी ठेवली. दारात थांबली.

"त्या शिनेडला एकच म्हणून सांगितलंस. मला विचारलंस?"

"तू होतीस की इथे."

"मी कोबी चिरत होते. देशाने निदान मतदान तरी घेतलं, उपेंद्र."

मग स्वरांगीचा फोन आला. स्वरांगीला मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर इंग्रजीत द्यायची, तेही असं की गॉलवेच्या टॅक्सीवाल्यांनी तिला आपलं मानावं.

"आईने सांगितलं मला," ती म्हणाली. "बाबा, तू डबा परत ठेवलास. ओके. पण रिकामा? म्हणजे, खरंच रिकामा?"

"अगं, आपल्याच घरात..."

"बाबा, मला इथे फ्लॅटमधे एकीने केकचा टिन दिला होता. मी त्यात बिस्किटं घालून परत केला. ती म्हणाली, तू हे का केलंस? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण नाही केलं तर माझा बाप मरेल. आणि तू?" ती म्हणाली, "ऑनेस्टली, तुम्ही दोघं."

शनिवारी सकाळी उपेंद्रने डबा प्रेसमधून काढला. ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं आणि भरायला काहीतरी शोधू लागला. तेव्हा त्याला एकीकरणातली खरी अडचण कळली. रवा होता, पण तो घरातला. साखर होती, पण त्याने आपली तिच्यात मिसळली होती. आता चमच्याने कितीही वेगळी काढली तरी ती दोघांची होती. कौमुदीच्याच घरातलं कौमुदीला कसं द्यायचं? दोन देश होते तेव्हा निर्यात करता येत होती.

बाहेर नेहमीचं धुकं होतं, पण त्या दिवशी ते जमिनीपासून थोडं वर उचललेलं, चादरीचं टोक धरल्यासारखं. उपेंद्र डबा काखेत मारून निघाला. पंपाशेजारी ब्रायडी खुर्चीत होती.

"कुठे?"

"असंच. मला असं काहीतरी पाहिजे, जे माझंही नाही आणि तिचंही नाही."

ब्रायडीने याचं अजिबात आश्चर्य मानलं नाही. "मग कुंपणाला जा," ती म्हणाली. "ओढ्याकडच्या. ते कधी कोणी छाटलंच नाही. उत्तरेची नगरपालिका म्हणायची दक्षिणेचं, दक्षिणेची म्हणायची उत्तरेचं. शंभर वर्षं नुसतं वाढलंय. त्याच्यासारख्या ब्लॅकबेरी बेटावर नाहीत. मात्र हॅलोवीनच्या आत तोड. नंतर पूका त्यांच्यावर थुंकतो."

"पूका कोण?"

"भूत. काळ्या घोड्यासारखं. तो दोन्ही बाजूंना थुंकायचा, त्याचं कौतुक."

कुंपण म्हणजे काट्यांची भिंतच होती, जुनी सीमा जाते तशी वळत वळत धुक्यात शिरलेली. उपेंद्र तिच्या कडेने तोडत गेला. बेरी काळ्या, जड, बोटाला लागताच सुटणाऱ्या. थोड्या वेळाने तो कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळेना. एक गाय हंबरली, आणि ती टिरोनची की मोनॅहनची हेही कळेना. हात ओरबाडले, बाहीला काटे लागले, आणि मधेच त्याला असं वाटलं की तो या कुंपणाच्या कडेने फार पूर्वीपासून चालतो आहे, लग्नाच्याही आधीपासून, आणि पलीकडून कोणीतरी त्याच वेगाने चालतं आहे, तोडतं आहे, त्याने हात घातला की पलीकडची फांदी हलते आहे. तो थांबला. पलीकडची फांदीही थांबली. त्याने हाक मारली नाही. हाक मारून ते कोणी नसतंच तर?

धुकं एकदाच फाटलं आणि समोर टेकाडावर बंगला दिसला. इतकी वर्षं तो त्यात राहत होता, पण इतक्या लांबून, दोन्ही अर्धे एकत्र, त्याने तो कधी बघितला नव्हता. डावीकडच्या खिडकीत दिवा होता, उजवीकडची काळी होती. एवढंसं घर. त्यात दोन देश बसले होते हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. मग धुकं मिटलं.

परतताना त्याने ब्रायडीच्या दुकानातून साखर घेतली. तिला त्या आठवड्यातलं ते पहिलंच गिऱ्हाईक असावं, कारण पैसे घेताना तिने विचारलं, "आयात की निर्यात?" तो म्हणाला, "निर्यात." ती जुन्या दिवसांसारखी हसली.

रविवारी कपडे धुवायच्या खोलीतल्या शेगडीवर त्याने ब्लॅकबेरीचा मुरांबा केला. पहिला जळला. दुसरा तळाशी थोडा लागला, वर बरा होता. मग शेडमधून टेबल आणलं. ते नेमकं कुठे असायचं? फरशीवर खूण नव्हती. नकाशे बदलले होते, शिनेडच्या सिस्टिममधे तर रेघ कधी नव्हतीच. उपेंद्र खोलीच्या दारापर्यंत मागे गेला आणि सकाळी चालतो तसा, काही विचार न करता, चालत आला. मधोमध उजवा पाय आपोआप उचलला गेला. तिथे त्याने टेबल ठेवलं. दोन पाय अलीकडे, दोन पलीकडे. वर डबा.

कौमुदी बॅग भरता भरता बाहेर आली ती वासाने.

"जळलंय काहीतरी."

"तळाशी. वरचं बरं आहे."

तिने झाकण उघडलं. काळसर जांभळा पाक, त्यात दाणे. तिने जंतू ओळखणाऱ्या नजरेने बराच वेळ बघितलं.

"कुठल्या या?"

"ओढ्याच्या कुंपणाच्या."

"ते कुंपण कोणाचं आहे तरी?"

"कोणाचंच नाही. म्हणून तर." उपेंद्रने घसा खाकरला. कारखान्यात त्याला शंभर माणसांपुढे बोलता यायचं. "मी 'एकच' म्हणालो. तुला न विचारता म्हणालो. म्हणून आता विचारतोय. एक की दोन? तू काय म्हणशील ते मी शिनेडला कळवतो. मीटर परत बसवायला लावतो."

कौमुदीने त्याच्या ओरबाडलेल्या हातांकडे बघितलं. मग टेबलाच्या पायांकडे, ते नेमके जिथे असायचे तिथे होते. तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं, टपालपेटीतल्या लाल रंगासारखं.

"मतदान गुप्त असतं," ती म्हणाली आणि झाकण लावून आत निघून गेली. डबा घेऊन.

सोमवारी पहाटे तिची गाडी गेली. उपेंद्र खिडकीतून मागचे दोन लाल दिवे बघत होता. धुक्याने आधी एक गिळला, मग दुसरा. निरोपात ती फक्त 'गॅस बंद केलाय' म्हणाली होती. तो आत वळला. बोळकांडीत टेबल होतं, आणि टेबलावर डब्याचं झाकण.

नुसतं झाकण. उलटं, रिकामं, चकचकीत. त्यात छत दिसत होतं, आणि छताच्या कडेला तो स्वतः, वाकडा.

उजाडल्यावर त्याने फोन लावला. ती नाव्हन गावाच्या पुढे गेली होती.

"अगं, झाकण राहिलं तुझं."

"राहिलं नाहीये."

पाण्याच्या पेल्यावरही बशी ठेवणारी बाई, तिने मुरांबा उघडा नेला होता. उपेंद्रने हे दोनदा मनात म्हटलं.

"सांडेल की तो," तो शेवटी म्हणाला.

"वर बशी बांधलीय फडक्याने. पण बशी काही खरी नव्हे."

"मग शनिवारी आणून देऊ का झाकण?"

"बघ. किलकेनीला धुकं नसतं म्हणतात. सापडेल तुला." मग लगेच, "आणि रिकामं आणू नकोस."

"कौमुदी, झाकणात काय भरून आणायचं?"

"ते तू बघ. इंजिनिअर आहेस ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उपेंद्र झाकण दोन्ही हातांत धरून उभा राहिला. काठ बोटभरही उंच नव्हता. रस, पाक, पातळ भाजी, सगळं बाद. मग त्याला आठवलं, त्याची आई वड्या थापायची त्या ताटात नव्हे, डब्याच्या झाकणातच. तूप लावून. वर वाटीने दाबून. झाकण म्हणजे वड्यांसाठीच केलेली गोष्ट.

नारळ लागणार होता. ब्रायडीच्या दुकानात तो मिळण्याची काही शक्यता नव्हती. पण तिला विचारलं की ती कुठूनतरी आणवेल, आणि जकात होती त्या काळातल्यासारखं कोणाला सांगू नकोस म्हणेल. तो झाकण घेऊन स्वयंपाकघरात तूप आहे का बघायला निघाला. मधोमध उजवा पाय उचलला गेला. त्याने तो उचलू दिला, पलीकडे ठेवला, आणि चप्पल काढली.